खंडेनवमीला पुजलेली क्लच प्लेट

माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या दाजींचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. ते नांदेडला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. हिमायतनगरकडच्या आमच्या गावातून मी नांदेडला कॉलेजात आलो आणि पाच वर्षं दाजींच्या घरी राहिलो. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत ते, आक्का आणि त्यांच्या दोन मुली. बाहेरची खोली मला आणि माझ्या पुस्तकांना. पाहुणे आले की दाजी स्वतः अंगणात झोपायचे, पण माझं टेबल कधी हललं नाही. टेबल म्हणजे बसच्या जुन्या सीटची फळी, विटांच्या थरांवर ठेवलेली. तीही त्यांनीच आणली होती.

दुपारी मी त्यांचा डबा डेपोत नेऊन द्यायचो. जेवून ते परत गाडीखाली गेले तरी मी तिथंच उभा राहून बघत असे. गिअर बॉक्स कसा उतरवतात, क्लच प्लेट कशी बदलतात, हे मी कितीदा पाहिलं असेल. पण पाना कधी हातात धरला नाही. मी जरा पुढं झालो की ते गाडीखालूनच म्हणायचे, "पाव्हणं, लांब. वहीला ग्रीस लागलं तर मास्तर इचारतील, कॉलेजात शिकून राहिले का डेपोत?"

एकदा मी हट्टानं एक नट सोडवायला घेतला. त्यांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला, आणि त्या वेळी ते हसत नव्हते. "ह्या कामाला माणसं लई हायेत," म्हणाले. "तुझ्या कामाला आपल्या घरात तू एकटाच हायेस." गाडी चालवायला तेवढी शिकवली, डेपोमागच्या मैदानात, एका मित्राच्या जीपवर.

मला नोकरी लागली ती जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या सरकारी खात्यात, लातूरला. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. भाड्याच्या घरात आमचं कार्यालय होतं. पाटी आधी आली होती, खुर्च्या मागाहून यायच्या होत्या. वरिष्ठ साहेब उस्मानाबादला बसायचे. लातूरला मी, एक शिपाई आणि एक जुनी जीप. ड्रायव्हरचं पद मंजूर होतं, माणूस नव्हता, म्हणून जीप मीच चालवायचो. शिपाई चाकूरचे, वयानं मला वडील शोभावेत असे, लिंगायत. कपाळावर विभूती लावून लिंगाची पूजा झाल्याखेरीज पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. मी त्यांना मामा म्हणायचो. पाच वाजले की मामा घरी जायचे आणि मग त्या घरात मी एकटा उरायचो, कारण मागची खोली मी राहायला घेतली होती.

लातूर काही ओसाड गाव नव्हतं. अडत बाजारात दिवसभर ओरडा असायचा, नवीन जिल्हा म्हणून रोज कुठलं तरी ऑफिस उघडायचं. पण माझ्या ओळखीचं त्यात कुणी नव्हतं. खानावळीत वाढणाऱ्याला "अजून अर्धी भाकरी" म्हणायचो, तेवढंच काय ते बोलणं. आमच्यासारखे बाहेरून आलेले लोक शनिवारी दुपारीच आपापल्या गावच्या बसला लटकायचे. मला ते जमत नव्हतं. पाऊस गेला होता, दसऱ्याच्या आतच विहिरींचे तळ दिसायला लागले होते, आणि आमच्या खात्याच्या सगळ्या रजा बंद होत्या.

बोअर पाडणाऱ्या रिगा जिल्ह्याला फार थोड्या होत्या. एकेक रिग एकेका गावाला ठरावीक दिवसांसाठी मिळायची आणि मग पुढच्या तालुक्याला जायची. रिगच्या आधी तिथं पोचून जमिनीत वीज सोडायची, खालचा खडक किती अडवतो ते यंत्रावर वाचायचं, तीन-चार जागा तपासून त्यातली सगळ्यात बरी जागा खुंटी ठोकून दाखवायची, हे माझं काम. खुंटी नसेल तर रिगवाले गावकरी दाखवतील तिथं, नाही तर जिथं गाडी उभी राहील तिथं भोक पाडून मोकळे व्हायचे.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात रिग चाकूरकडच्या एका गावाला मिळाली. सोमवार ते शनिवार. गावाला एसटी नव्हती, फाट्यापासून तीन कोस आत, चढाचा रस्ता. गावात एक विहीर, तिच्यात बायका लेकरांना दोरीनं खाली सोडून वाटीनं पाणी भरायच्या. आणि नेमकी दसऱ्याच्या तोंडावर आमच्या जीपची क्लच प्लेट झिजून रिबिटांपर्यंत गेली.

सरकारी गाडी गॅरेजात घालायची तर तीन दरपत्रकं मागवायची, ती उस्मानाबादला पाठवायची, मंजुरीची वाट बघायची. महिना गेला असता. मी फोनवर साहेबांना म्हणालो, "प्लेट मिळाली तर मी बदलतो."

"तुम्हाला येतं?"

"येतं," मी म्हणालो.

इतक्यांदा पाहिलं होतं, त्यामुळं ते मला खोटं वाटलं नाही. साहेब म्हणाले, "मग बघा." लेखी काही नव्हतं. मी नांदेडच्या बसच्या ड्रायव्हरकडे दाजींना चिठ्ठी दिली. तिसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर खोक्यात बांधलेली नवी प्लेट घेऊन आला. सोबत आक्कानं दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. गावी या दिवशी बाबा विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ सगळं धुऊन पुसून त्यांना करडईचं तेल चोळायचे आणि मग कुंकू लावायचे. तेल न लावता लोखंड पुजणं म्हणजे कोरड्या अंगानं लेकराला न्हाऊ घालण्यासारखं, असं आई म्हणायची. डेपोतही दाजी त्या दिवशी पाने ओळीनं मांडून तसंच करायचे. त्या सकाळी मामा त्यांच्या घरी होते, ऑफिसात मी एकटा. माझ्याकडं पुजायला काय होतं? चार पाने, जॅक, जमिनीत ठोकायच्या लोखंडी खुंट्या. आणि ती नवी प्लेट. खोक्यातून काढून मी ती मधोमध ठेवली. खानावळीतून वाटीभर करडईचं तेल आणलं होतं. सगळ्याला चोळलं. प्लेटला जरा जास्तच प्रेमानं, दोन्ही बाजूंनी, कडेपर्यंत. कुंकू लावलं, उदबत्ती लावली, लाडवाचा नैवेद्य दाखवला. खूप दिवसांनी घरात सण झाल्यासारखं वाटलं.

दसरा झाल्यावर मामा आणि मी जीप विटांवर चढवली. दोन दिवस गेले. गिअर बॉक्स उतरवला, जुनी प्लेट काढली, नवी बसवली. पहिल्यांदा हाताला ग्रीस लागलं तेव्हा मला दाजींची आठवण आली आणि थोडी भीतीही वाटली, जणू ते बघताहेत. तेल लावलेलं आहे हे माझ्या लक्षातच होतं. बसवण्याआधी मी प्लेट फडक्यानं पुसली आणि आपण किती काळजीनं काम करतो, असंही वाटून गेलं.

सोमवारी सकाळी यंत्र, बॅटरी, वायरची रिळं जीपमध्ये भरून आम्ही निघालो. सपाटीवर जीप चालली. लातूरबाहेरच्या पहिल्या चढावर मी दुसरा गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडायला लागलं, जीप तिथल्या तिथं. मामा समोर बघत शांतपणे म्हणाले, "सायब, आवाज पुढं चालला, गाडी हितंच हाय."

ढकलत, सपाटी धरत, आम्ही तिला परत आणली. आता गॅरेजवाल्याला बोलवायचं म्हणजे लेखी परवानगीशिवाय सरकारी गाडी उघडली हे आधी कबूल करायचं, आणि "येतं" म्हणालो होतो तेही. मी बसस्टँडवर गेलो. नांदेडची बस दुपारी बाराला यायची, एकला परत निघायची. ड्रायव्हरला चिठ्ठी दिली: नवी प्लेट बसवली, चढाला इंजिन पळतं, गाडी पळत नाही, काय करू?

मंगळवारी उत्तर आलं. त्याच चिठ्ठीच्या मागं पेन्सिलीनं, दाजींच्या तुटक अक्षरात: पेडल हातानं दाबून बघ. जड लागायच्या आधी दोन बोटं मोकळं पाहिजे. नसलं तर पेडलच्या सळईचा नट सैल कर.

पेडल मोकळं नव्हतंच. मला इतका आनंद झाला की मी मामांना चहा पाजला. सळई सैल केली, दोन बोटं मोजून. बस सुटायच्या आतच चढावर जाऊन आलो. तेच. शिवाय आता धूर निघाला. पुन्हा चिठ्ठी.

बुधवारचं उत्तर: गिअर बॉक्सच्या पुढं खाली बारीक भोक आहे. तिथं इंजिनाचं तेल येतं का? बोट फिरवून बघ.

मी जीपखाली झोपून बोट फिरवलं. कोरडं. तसं कळवलं. ड्रायव्हर चिठ्ठी खिशात घालत म्हणाला, "सायब, तुमच्या जीपची तब्येत आता सगळ्या नांदेड डेपोला मालूम हाय. सकाळी ड्युटीवर आलो की माणसं आधी इचारतेत, पेशंट कसा हाय?"

"दाजी काय म्हणतात?"

"काय म्हणनार. तुमची चिट्ठी खिशात घेऊन फिरून राहिले. जेवताना बी काढून वाचतेत."

हे ऐकल्यावर मी स्टँडवर उगाच बराच वेळ बसून राहिलो.

त्याच दिवशी मामा म्हणाले होते, "सायब, माझ्या साडूची बैलगाडी हाय फाट्यावर. यंत्र बसनं फाट्यापोतर नेऊ, तितून गाडीत टाकू. उद्या सांजच्याला पोचतो की."

"उद्या उत्तर येईल, मामा. दुरुस्त होईल."

"रिग शनवारी जाती," मामा म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

गुरुवारी चिठ्ठी आली नाही. ड्रायव्हर तोंडी निरोप घेऊन आला. "दाजीनं इचारलंय, जळाल्याचा वास कसा येतो?"

"भज्यांचा," मी म्हणालो. खरंच तसाच होता. मला वाटायचं, खानावळ जवळ आहे म्हणून असेल.

ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिला. "भज्यांचा? क्लच जळाला तर केस जळल्यागत वास येतो सायब. भजी कुठून आली त्यात?" मग हसू दाबत म्हणाला, "तळली का काय प्लेट?"

उभ्या उभ्याच मला सगळं कळलं. बाबांच्या फाळाला तेलानं गंज लागत नाही. पण प्लेटचं कामच घासण्याचं, धरून ठेवण्याचं. तिच्या कडेचा तो खरबरीत थर तेल पिऊन बसला होता, आणि वरवर पुसून ते निघणार नव्हतं. माझ्या शेतकरी हातांना लोखंड दिसलं की तेल आठवलं. डेपोतली पूजाही डोळ्यांसमोर आली. पाने उघडे, तेलानं चकाकणारे, आणि बाजूला नव्या प्लेटा खोक्यात बंद, कुंकू खोक्यावर. मी पाच वर्षं ते पाहिलं होतं. मला वाटायचं, खोकी उघडायचा कंटाळा करतात.

मी चिठ्ठीत सगळं लिहिलं.

तिचं उत्तर शुक्रवारी दुपारी आलं. रागाचा शब्द नव्हता. लिहिलं होतं: आपल्या घरचीच चूक आहे, बाहेरच्याला झाली नसती. प्लेट काढ. पेट्रोलमध्ये धू, उन्हात वाळव, परत धू. पॉलिश पेपरनं दोन्ही तोंडं घास. जिथं टेकते ते चाक पण पेट्रोलनं पूस. घाई करू नको. बोटं सांभाळ.

मी मात्र उत्तराची वाट न बघता सकाळपासूनच जीप उघडली होती. या वेळी हात अडखळले नाहीत. काढलेल्या प्लेटवर तेल जळून काळा, चकचकीत लेप बसला होता. दाजींनी लिहिल्याप्रमाणं धुतली, वाळवली, घासली, आणि दिवस मावळताना परत बसवली. मामा त्या दिवशी पाच वाजता गेले नाहीत. जॅक धरून बसले, आणि जाताना म्हणाले, "आता हिला काय लावू नका, सायब. नमस्कार लांबून करा."

शनिवारी सकाळी जीप चढावर गेली. थोडी कुरकुरली, पण गेली. आम्ही गावात पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. रिग गावाबाहेर उभी होती, पाइप गाडीवर चढवलेले. रिगवाला म्हणाला, चारला त्याला उदगीरकडं निघायचंय, बोअर पाडायचा तर अकराच्या आत जागा दाखवा. पाच दिवस तो नुसता बसून होता, कारण गावातल्या जाणत्यांनी त्याला थांबवलं होतं. सरकारचा माणूस यंत्र घेऊन येणार आहे, खुंटी ठोकल्याशिवाय भोक पाडायचं नाही, असं ते म्हणाले होते.

तीन जागा तपासायच्या होत्या. वेळ एकीपुरताच होता. मी ओढ्याकाठची जागा धरली, कारण ती जवळ होती. आकडे वाईट नव्हते, चांगलेही नव्हते. खुंटी ठोकली. बायका घागरी घेऊन लांब ओळीनं बसल्या. रिग सुरू झाली. आधी माती, मग मुरूम, मग काळा खडक. दोनशे फुटांपर्यंत नळीतून राखाडी भुकटी उडत राहिली. ती बायकांच्या लुगड्यांवर, घागरींवर, माझ्या चष्म्यावर बसली. ओल आलीच नाही. चारच्या आधीच रिगवाल्यानं पाइप काढायला घेतले.

बायका रिकाम्या घागरी उचलून उठल्या. एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले, मला घरी नेलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. तांब्यात पाणी दिलं, पूर्ण भरून. म्हणाले, "सायब, तुमी तरी काय करनार? जिमिनीतच न्हाई." मी मान खाली घालून जेवलो. ज्या दोन जागा मोजल्याच नाहीत त्या त्यांच्या दारातून दिसत होत्या.

रविवारी मी दाजींना पत्र लिहिलं. त्याची कच्ची प्रत माझ्या वहीत राहिली, ती तशीच इथं देतो.

"ती. दाजींस साष्टांग नमस्कार.

हे पत्र बसनं न पाठवता पोस्टानं पाठवतो, कारण हे डेपोत कुणी वाचू नये. जीप दुरुस्त झाली. तुम्ही सांगितलं तसंच केलं. शनिवारी चढ चढली. पण बोअर कोरडा गेला. मला तीन जागा बघायच्या होत्या, एकच बघता आली. उरलेल्या दोन ठिकाणी पाणी असतं की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. गावचे लोक मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी पाच दिवस रिग थांबवून ठेवली होती, माझ्यासाठी.

प्लेटला तेल लावलं ही चूक अजाणतेपणी झाली. तिचं मला तेवढं वाटत नाही. दुसरी गोष्ट सांगायची आहे. बुधवारी आमचे मामा बैलगाडीनं जाऊ म्हणाले होते. गेलो असतो तर गुरुवारी पोचलो असतो आणि तिन्ही जागा झाल्या असत्या. मी नाही म्हणालो. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की जीप उद्या होईल. दाजी, खरं कारण ते नव्हतं. इथं मला बोलायला कुणी नाही. त्या चार दिवसांत रोज बाराला तुमचा निरोप यायचा. मी सकाळपासून त्याची वाट बघायचो. बैलगाडीनं गेलो असतो तर तो थांबला असता. त्या बायका ओळीनं बसल्या होत्या तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं.

तुम्ही मला पान्याला हात लावू दिला नाहीत, कारण माझं काम वेगळं आहे म्हणालात. ते काम मी या आठवड्यात केलं नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून नाही, माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

रिग परत मिळावी म्हणून मी साहेबांना अर्ज केला आहे, त्यात उशीर माझ्यामुळं झाला असं लिहिलं आहे. मंगळवारी मी परत त्या गावाला जाणार आहे. रिग नसली तरी राहिलेल्या दोन जागा मोजून खुंट्या ठोकून ठेवतो. पुन्हा रिग आली तर तिला थांबावं लागू नये.

आक्काला हे सगळं सांगू नका, तब्येत बरी आहे एवढं सांगा. मुलींना आशीर्वाद.

जीप आता नीट चालते. विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी दोन ओळी लिहा."